बोटभर लहान धाव

लष्कर शहरातल्या दाना ओली या आमच्या गल्लीतल्या लोहारदादांनी भाता ओढला की दूरच्या मुरारच्या छावणीतली घोडी बिथरत. पदार्थविज्ञानाचा मास्तर आहे मी, मोजूनमापूनच बोलतो. दादा मात्र अबोल. बोलण्याआधी मिशी पुसत आणि बहुतेकदा पुसूनच थांबत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका सरदारांच्या बग्घीच्या चाकावर चढवायला दादांनी नवी लोखंडी धाव केली. सरदारांच्या कारभाऱ्यांनी दोरीनं मोजलं. "चाकापेक्षा बोटभर लहान आहे रे ही. उद्या मिरवणूक चुकली तर दुकान उठेल तुझं."

दादांनी मिशी पुसली. "ती अभी ठंडी आहे, सरकार. जरा ठहरा."

गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली, फुगली आणि चाकावर अलगद उतरली. पाणी ओतताच वाफ थेट शहराच्या डोक्यावरच्या किल्ल्यावर पोचली, आणि आक्रसलेल्या लोखंडानं चाक असं आवळलं की लाकूड कण्हलं.

"कसं जमलं हे?" कारभारी पुटपुटले.

"का होतं ते हे मास्तर सांगतील. होतं एवढं मला माहीत."

दसऱ्याला सारं लष्कर शहर सरदारांची पगडी बघत होतं, आम्ही दोघं चाक. दादा मिशी पुसूनच थांबले, म्हणून शेजारच्या अनोळखी माणसाला मीच सांगितलं, "ते मागचं डावं चाक आमच्या ओलीचं आहे."