धक्क्याच्या पायऱ्या

धक्क्यावर तिला डांबरवहिनी म्हणत. होड्यांच्या फटीत काथ्या ठोकायचा, वर डांबर ओतायचं, हे तिचं काम. जीभही तशीच, चिकटली की सुटत नाही. नवरा गेल्यापासून बाई कडू झाली, असं लोक सांगतात. कसा गेला, ते कुणी सांगत नाही.

कडाक्याच्या थंडीत तो पाण्यात पडला. वर काढला तेव्हा हसतबोलत होता. पण इथली रीत अशी, की पाण्यातून निघालेल्याने पायऱ्या आपल्या पायांनी चढायच्या. उचलून नेला तर तो भित्रा. नवरा चढला. लोक टाळ्या पिटत असताना वरच्या पायरीवर कोसळला, तो उठलाच नाही. डॉक्टर नंतर म्हणाला, गारठलेल्याला चालवायचं नसतं, हातापायांतलं थंड रक्त काळजावर जातं. तेव्हापासून त्या पायऱ्या बघितल्या की तिचं डोकं फिरतं.

यंदाच्या थंडीत होडीचा दोर सोडवताना धाकटा दीर पाण्यात पडला. त्याला पायऱ्यांखालच्या फळ्यांवर ओढून घेईपर्यंत ती डांबराची कढई टाकून पोचली. त्याचे दात कडकड वाजत होते. मग थांबले.

"कापरं गेलं, सुटला," मुकादम म्हणाला. "ऊठ गड्या, दोन घोट मार आणि चढ."

"बाटली आत ठेवा," वहिनी म्हणाली. "कापरं गेलं म्हणजे अंगातलं सरपण संपलं. भाऊजी, आडवे व्हा."

"मी काय बाळंतीण आहे?" त्याची जीभ जड झाली होती.

"बाळंतिणीला अक्कल असते. आडवे व्हा."

काथ्या कापायच्या सुरीने तिने त्याचे ओले कपडे फाडले आणि त्याला कोरड्या शिडात गुंडाळलं. एकजण पाय चोळायला लागला, त्याच्या हातावर तिने फटका मारला. "कणीक मळतोस का? फळी आण. दवाखान्यात न्यायचाय, आडवाच."

"मढ्यासारखा?" मुकादम कुरकुरला.

"ह्याच्या भावाला चालवत नेलंत आणि मढं करून दिलंत. ह्याला मढ्यासारखा न्या, जगेल."

चौघांनी फळी उचलली.

दीर जगला. धक्क्यावर त्याला 'पार्सल' म्हणायला लागले, म्हणून घरी येऊन त्याने वहिनीशी अबोला धरला. शेवटी जेवताना म्हणाला, "वहिनी, अब्रू घालवलीत माझी."

तिने त्याच्यापुढे ताट आदळलं. "तुमच्या भावाची शाबूत राहिली, भाऊजी. त्यांच्यामागे माझ्या घरात आता तेवढीच उरलीय."

दीर खाली मान घालून जेवू लागला. ती रागातच वाढत राहिली.