लाल बॉक्सचं दार

आमच्या कोपऱ्यावरच्या लाल फोनबॉक्सवर टेलिफोन कंपनीने नोटीस चिकटवली. हा फोन आता कुणी वापरत नाही, तेव्हा बॉक्स काढून टाकण्यात येईल, हरकत असल्यास कळवावे. मी ती दोनदा वाचली आणि घरी येऊन ह्यांना सांगितलं, "मी हा बॉक्स हलू देणार नाही." हे टीव्ही बघत होते. "बरं," म्हणाले. माझ्या हट्टाशी भांडण्यात अर्थ नाही, एवढं त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं आहे.

इंग्लंडातलं मिल्टन कीन्स म्हटलं की लोकांना एकामागून एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आठवतात. पण ह्या नव्या शहराच्या पोटात काही जुनी गावं राहून गेली आहेत. त्यातल्या एकात आम्ही राहतो. एक चर्च, एक पब, गवती छपरांची दोन-तीन घरं आणि चर्चच्या भिंतीला लागून तो बॉक्स. लग्न होऊन मी इथे आले ती भरल्या घरात: सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची मुलं. घरात फोन होता, पण हॉलमध्ये, सासूबाईंच्या खुर्चीच्या हाताशी. त्याच्यावरून मी आईला सांगायचे की मी मजेत आहे, इकडे फार थंडी आहे आणि सगळे माझं फार करतात. खरं बोलायचं असलं की दूध आणण्याच्या निमित्ताने बाहेर पडायचे आणि त्या बॉक्समध्ये शिरायचे. दार जड, आपलं आपण सावकाश मिटायचं. ते पुरतं मिटेपर्यंत मी तोंड उघडत नसे.

साताऱ्याला आमच्याकडे फोन नव्हता. आई शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात येऊन बसलेली असायची, सगळ्यांच्या देखत, त्यामुळे तिलाही बोलता यायचं नाही. ती नुसतं "हं" म्हणायची. जाऊबाईंचं सांगितलं की हं, सासूबाईंचं सांगितलं की हं, ह्यांचं सांगितलं की जरा लांब हं. शेवटी "जेवतेस ना नीट?" मला तेवढं पुरायचं. डोळे पुसून, दूध घेऊन मी घरी यायचे. ह्या देशात तुमचं माहेर कुठे, असं कुणी विचारलं तर मी चर्चच्या त्या भिंतीकडे बोट दाखवीन. आई जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माहेर उचलून ट्रकमध्ये घालताना मी बघत बसणार नव्हते.

चौकशी केल्यावर कळलं की असा बॉक्स जुन्या चर्चच्या शेजारी असेल, आणि मूळ रूपात असेल, तर तो लिस्टेड होऊ शकतो. म्हणजे जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीत जातो, आणि मग परवानगीशिवाय त्याला कुणी हात लावू शकत नाही. मी अर्ज केला. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीच्याच म्हणा, डोक्यावर बसून त्यांचा पाठिंबा मिळवला. ही यादी सांभाळणाऱ्या हेरिटेज खात्याच्या एक बाई बॉक्स बघायला येतील असं ठरलं. त्याआधी थोडी साफसफाई करायची परवानगीही मी काढली. साफसफाईची.

बाई यायच्या आधी दोन दिवस मी लंडनला, हॅरोत, लेकीकडे गेले, आणि तिथेच घोटाळा झाला. इकडे येण्यापूर्वी ह्यांनी पुण्यात बांधकाम खात्यात काही वर्षं काढली होती. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आधी रंगरंगोटी, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी महाराष्ट्र मंडळातले दोन मित्र बोलावले. तिघांनी मिळून जुना रंग खरवडला, दुकानातून आणलेला टोमॅटोसारखा लाल चोपडला, वरच्या उठावाच्या मुकुटांवर इतका जाड हात मारला की ते मुकुट आहेत की लाडू हे कळेना. TELEPHONE लिहिलेल्या जुन्या दुधी काचा काढून तिथे छापील प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या. मी परत आले तेव्हा तिघे बॉक्ससमोर उभे राहून फोटो काढत होते.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"अगं, इन्स्पेक्शन आहे ना? असा कळकट बॉक्स दाखवायचा का बाईंना?"

करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, म्हणतात ते हेच. त्या रात्री मला ह्यांची तक्रार करायची होती, पण फोनच्या पलीकडे आता आई नव्हती.

हेरिटेजच्या बाई सायकलवरून आल्या, वयाने आमच्या लेकीएवढ्या. त्यांनी मुकुटावरून बोट फिरवलं. बोटाला रंग लागला. मग त्यांनी अगदी सभ्यपणे विचारलं, मी जो बघायला आले तो बॉक्स कुठे आहे? ह्यांचा चेहरा पडला. जुन्या काचांचं काय केलं, हा पुढचा प्रश्न. ह्यांनी त्यांना सरळ आमच्या बागेत नेलं. शेडच्या मागे मेथीच्या रोपांवर थंडी लागू नये म्हणून त्या काचा आडव्या ठेवलेल्या होत्या. "वुई डोन्ट थ्रो थिंग्ज," हे म्हणाले. आमच्या घरात काही टाकलं जात नाही म्हणून मी आयुष्यभर कुरकुर केली, पण त्या दिवशी केली नाही.

बाई म्हणाल्या, रंग उतरवा, पण बिडाला ओरखडा नको. काचा परत बसवा. योग्य तो लाल लावा, फोनबॉक्सचा लाल ठरलेला असतो. मी पुन्हा येईन. जाता जाता त्यांनी मला विचारलं, हा बॉक्स तुमच्यासाठी इतका महत्त्वाचा का? मी सगळं सांगितलं. सासूबाईंची खुर्ची, दूध, आईचा तो हं. हे शेजारी उभे होते. बाई गेल्यावर ह्यांनी मेथीवरच्या काचा एकेक करून उचलल्या. मग म्हणाले, "तरीच दुधाला इतका वेळ लागायचा."

तो हिवाळा आम्ही त्या बॉक्सशी काढला. हे रंग मऊ करायचं औषध लावायचे, मी लाकडी पट्टीने तो सोडवायचे. बोटं बधिर व्हायची, ह्यांची पाठ धरायची. मुकुटांच्या खाचा जुन्या टूथब्रशने एकेक करून मोकळ्या केल्या. शेजारी चहा आणून द्यायचे आणि आता पुरे म्हणायचे. पुरे कधी करायचं ते मी ठरवणार होते. बाई पुन्हा आल्या, बराच वेळ बघून गेल्या, आणि काही महिन्यांनी बॉक्स लिस्टेड झाल्याचं कळलं. कंपनीने आतला फोन काढून नेला. बॉक्स गावाकडे राहिला.

मला वाटलं, जिंकलो. पण कौन्सिलच्या मीटिंगमध्ये ठरू लागलं की आत शेल्फं बसवून पुस्तकं ठेवायची. मी विरोध केला. शेल्फं आली की आत माणूस मावणार नाही. अध्यक्षांनी हसून विचारलं, पण रिकाम्या बॉक्समध्ये उभं कोण राहणार? मी विचार करायला मुदत मागितली. निर्णय पुढच्या मीटिंगवर गेला.

त्या आठवड्यात आम्ही दोघं संध्याकाळी फिरायला निघालो होतो. बॉक्समध्ये कुणीतरी होतं. आमच्या समोरच्या घरात नागपूरचं एक जोडपं राहतं, आयटीतलं, आणि सध्या नवऱ्याचे आईवडील सहा महिन्यांसाठी आलेले आहेत. ती सून आत उभी होती, दार पूर्ण मिटलेलं, मोबाइल कानाला. मोकळा हात जोरजोरात हलत होता. कुणाबद्दल बोलणं चाललंय ते मला काचेबाहेरूनही कळलं. मी ह्यांचा दंड धरला आणि चर्चच्या मागच्या वाटेला वळवलं.

मीटिंगला तोच प्रश्न आला. उत्तर आता माझ्याकडे होतं, पण ते त्या पोरीचं गुपित होतं. गावभर करायला मी काय हॉलमधला फोन होते? मी उभी राहिले.

"मी," म्हटलं. "आत मी उभी राहणार."

लोक हसले. अध्यक्षांनी विचारलं, फोनसुद्धा नाही, मग आत करणार काय?

मी काही बोलायच्या आत हे शेजारी उभे राहिले. ज्या माणसाबद्दल त्या बॉक्समध्ये सर्वांत जास्त बोललं गेलं तो माणूस. म्हणाले, "शी हॅज स्टिल अ लॉट टु से अबाउट मी. प्लीज लीव्ह द डोअर क्लिअर."