काळी दोन रुसली

गाण्याच्या पार्टीत पैसा कधी साठत नाही, किस्से मात्र ठेवायला जागा पुरत नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला धरून चार येतात.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची गोष्ट. लोणखेड्याची आमची तिघांची पार्टी. दगडू अण्णा गायचे, झिपरू ढोलकीवर, पेटीवर मी. डोक्यावर मालक नाही, ऐकणारे देतील त्यावर सगळं. त्यात उंदरांनी पेटीचा भाता कुरतडला. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा महिन्यावर आलेली. नवी पेटी नाही तर जत्रा गेली, आणि जत्रा गेली म्हणजे वर्ष गेलं. मी अगदी रडकुंडीला आलो.

भात्याला चिंध्या चिकटवून आधी जुनीच रीत धरली. पैसे देईल त्याचं नाव गाणं थांबवून पुकारायचं. एका गावात पाटलांनी चार आणे दिले. लगेच त्यांच्या भाऊबंदाने पाच. मग पाटील सहा, भाऊबंद सात. अण्णांनी 'ऐका हो' एवढंच म्हटलं होतं. पुढचं गाणं त्या गावाने अजून ऐकलेलं नाही! सकाळी दोघांचा समेट झाला आणि दोघं मिळून पैसे परत मागायला आले.

मग सातपुड्यात गेलो. तिथे एका म्हाताऱ्याने खूश होऊन कोंबडी दिली आणि खुणेने सांगितलं, आता माझं ऐका. त्याचा पावा ऐकून झिपरूने कोंबडी परत केली, वर स्वतःचा फेटा दिला.

मग आगाऊ गाणं काढलं. आज रुपया द्या, लेकीच्या लग्नात गाऊ. पहिलं गिऱ्हाईक आलं. अण्णांनी विचारलं, "लगीन कधी शे?"

"पोर व्हवू दे पहिले. बायको पोटुशी शे."

अण्णांनी रुपया ठेवून घेतला.

शेवटी झिपरूचं डोकं चाललं. नव्या पेटीच्या पट्ट्याच विकायच्या. एक पट्टी, एक रुपया, पट्टीवर देणाऱ्याचं नाव. आठवड्यात पेटी आली! पण पहिल्याच बैठकीला जो तो आपली पट्टी ऐकायला पुढे बसला. अगदी टोकाची पट्टी घेतलेले तात्या मध्येच उठले. "मन्ही आजून वाजनी नही." तेव्हापासून दर कडव्याला मी हात टोकापर्यंत पळवायचो.

कापसाच्या शेटने तिन्ही सप्तकांतल्या काळ्या दोनच्या पट्ट्या घेतल्या होत्या. अण्णांचा गळा त्याच सुरावर उभा. जत्रेच्या आदल्या दिवशी शेट रुसले. तात्यांची पट्टी मुद्दाम वाजवता, माझी कुणी दाखवतसुद्धा नाही, म्हणे. "आतेपासून मन्ही पट्टीले हात लाऊ नका." पैसेही परत घेईनात.

मी म्हटलं, गुपचूप वाजवू. अण्णा ऐकेनात. "इकेल पट्टी शे. मालक नही म्हने ते नही."

जत्रेत भर दुपारी ही गर्दी. शेट रुसल्याचं तोवर जत्राभर झालेलं. अण्णा त्या सुरावर आले, मी बोट वर धरलं, पेटी गप्प. तेवढ्यात तात्यांनी तोंडाने तो सूर लावला. पुढच्या वेळी अख्ख्या गर्दीने लावला, घोडेवाल्यांनीसुद्धा. तिसऱ्या वेळी सगळ्यांच्या वर एक आवाज चढला, खणखणीत आणि बेसूर.

वळून बघतो तर शेट. टोपी हातात, डोळे मिटलेले.