मशीनमध्ये काही आलं न्हाई

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगतेय ते तुम्ही फार जवळचे म्हणून नव्हे. तुम्ही माझ्या माहेरी, तीर्थपुरीला, जाणार नाही, म्हणून.

मी जालन्यात एका दवाखान्यात ईईजी काढते. डोक्याला तारा चिकटवायच्या, मेंदूच्या लहरी पडद्यावर बघायच्या. ज्यांना फिट येते त्यांच्यासाठी असतं ते. पोटातली कळ त्यात मोजता येत नाही — हे मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. लक्षात ठेवा.

माझी भावजय सुनीता तेव्हा नवी नवरी होती. पाळीच्या दिवसांत ती दात आवळून अंगणात पडायची. आईला वाटलं, मिरगी आहे. स्पेशल गाडी करून तिला माझ्याकडे घेऊन आली. उतरताना आईनं सुनेचा हात धरला होता. बस — तिथंच माझं डोकं फिरलं. ह्याच आईनं मला असल्याच दिवसांत कापूस वेचायला धाडलं होतं. स्वयंपाकघरात शिवायचं नाही, पण कापसाला कुठला आलाय विटाळ? मी बांधावर ओकायचे आणि ती म्हणायची, बाईच्या जातीला एवढं असायचंच. मग हिचंच एवढं कौतुक कशाला?

त्या दिवशी सुनीताची पाळी चालूच होती. कळ आली की ती जबडा आवळायची आणि पडद्यावरच्या साऱ्या रेषा काळ्याकुट्ट व्हायच्या. स्नायू आवळले की तसं होतं. आम्ही त्याला कचरा म्हणतो, वगळून टाकतो. मी तिच्यावर खेकसले — जबडा सैल सोड.

"ताई, पोटात पिळून राह्यलंय," ती म्हणाली. "आईंला तुमीच समजावून सांगा."

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ना? मला कळत होतं. माझ्या पर्समध्ये त्याच दुखण्याच्या गोळ्या होत्या. एकही दिली नाही.

रिपोर्ट बघून डॉक्टर मला एकटीला म्हणाले, फिट नाही, बायकांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. ते मी गिळून टाकलं. बाहेर येऊन आईला म्हणाले, "मशीनमध्ये काही आलं न्हाई. डोकं बराबर हाय तिचं. नाटकं करून राह्यली."

आईनं सुनेचा हात सोडला. मला बरं वाटलं. तोंड वाकडं करू नका — बरं वाटलं, तेच सांगतेय.

तेव्हापासून सुनीता त्या दिवसांतही वेचणीला जाऊ लागली. पुन्हा कधी पडली नाही, दुखण्याबद्दल बोलली नाही. माझ्याशी मात्र गोडच वागते. निघताना डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून देते. त्याचाही मला रागच येतो — कसला, विचारू नका.

यंदा दिवाळीला माहेरी गेले होते. तिची मुलगी नुकतीच शहाणी झालेली. खाटेवर पोट धरून पडली होती, रडत होती. मी समोरच चहा पीत होते. सुनीता वेचणीला निघाली होती. कापसाची झोळी पोरीच्या अंगावर टाकून म्हणाली, "ऊठ. ह्याच्यात काही नसतंय. तुझ्या आत्यानं मशीन लावून पाह्यलंय."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.