मामा वस्तूबरोबर येतात

माझ्या मामेसासऱ्यांइतका उदार माणूस साऱ्या धुळ्यात नव्हता, आणि त्यांच्याकडून एखादी वस्तू मागून आणण्याइतकं अवघड कामही साऱ्या धुळ्यात नव्हतं. नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. मागणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ते खुंटीवरून, फळीवरून, माळ्यावरून वस्तू काढून त्याच्या हातात ठेवत. पंचाईत पुढेच होती. वस्तू निघाली की मामाही वहाणा सरकवून तिच्याबरोबर निघत. शिडी नेली तर ती परत येईपर्यंत तिच्या पायथ्याशी मामा उभे. लग्नाला मोठं पातेलं नेलं तर चुलीपाशी बैठक मारून बसत, आणि आचाऱ्याचा पळा जरा जोरात लागला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. छत्री नेणारा कोरडा चालला आहे आणि शेजारून मामा भिजत चालले आहेत, याचं आमच्या ख्रिस्ती मिशनच्या आवारात कुणाला नवल वाटेनासं झालं होतं. कुणी हटकलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "हाई मन्हं नही शे, भाऊ. देवनी मन्हाजोडे ठेवाले देयेल शे." जे आपलं नाही ते अडवून ठेवायचा आपल्याला हक्क नाही, आणि ज्याचं आहे तो एक दिवस विचारणार, म्हणून ते नजरेआड करायचीही सोय नाही, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

मी नगरकडची. मामांची ओळख मला झाली ती थेट वेदीपाशी. मायदेशी परतणाऱ्या कुणा साहेबानं दिलेला एक काळा कोट त्यांच्याजवळ होता. आवारातला प्रत्येक नवरदेव तोच कोट घालून उभा राही आणि कोटाच्या बाहीला बाही लावून अर्थातच मामा. आमच्या लग्नातही माझे यजमान मधे, एका अंगाला मी आणि दुसऱ्या अंगाला मामा, असे तिघं पाळकांसमोर होतो. यातला नवरा कोणता, असं माझ्या वडिलांनी हळूच शेजारच्या बाईंना विचारलं. फोटोतही मामा आहेत, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघांपेक्षा त्यांचाच चेहरा चांगला आला आहे. मी त्या फोटोवर पुष्कळ दिवस रागावून होते.

सुगी झाली की देवळात आभाराची उपासना असे. प्रत्येक घर आपल्या वाफ्यातलं, परड्यातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवी आणि नंतर त्याचा लिलाव होई. एका वर्षी मामांनी कुंपणावरचा लाल भोपळा वाहिला. तो पाळकीणबाईंनी घेतला. देवाला दिलेलं देवाचं झालं, आता तरी मामा मोकळे, असं आम्हांला वाटलं होतं. पण मामा भोपळ्यामागून त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत गेले, भाजी होईपर्यंत उंबऱ्यात बसले आणि बिया वाळत घालूनच उठले. पाळकसाहेबांनी त्याआधी मालकाची ठेव जपणाऱ्या विश्वासू कारभाऱ्यावर चांगला तासभर उपदेश केला होता. बाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी विषय बदला.

अशा माणसाला एक मुलगी होती. मामी लवकर गेल्या. मार्थाला त्यांनी एकट्यानं वाढवलं. ती जळगावला बोर्डिंगात शिकायला गेली तेव्हा मामाही गेले आणि तिथल्या झाडांना पाणी घालत राहिले. शेवटी सुट्टी लागल्यावर तिथल्या मोठ्या बाईंनी बापलेकीला एकदमच घरी लावून दिलं. पुढे ती नर्स झाली आणि साक्रीपलीकडच्या डोंगरात मिशनचा एक लहानसा दवाखाना होता तिथे तिला नेमायचं ठरलं. तिच्या आधीची नर्स तिथला हिवताप अंगात घेऊन परतली होती, आणि त्यातून ती पुरती उठलीच नाही. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं. तरी मिशनच्या डॉक्टरीणबाई विचारायला आल्या तेव्हा मामांनी सवयीप्रमाणे वाक्य पुरं व्हायच्या आत होकार दिला, आणि आपलंही गाठोडं बांधायला घेतलं.

तेव्हा मार्था म्हणाली, "आबा, तुम्ही येवानं नही."

तिनं कारण शांतपणे सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर म्हातारा पुरुष बसलेला दिसला तर अडलेल्या बाया आत पाऊल टाकणार नाहीत. त्या तिथूनच माघारी जातील आणि घरी मरतील.  मामांनी गाठोडं सोडलं नाही की पुढे बांधलंही नाही. जायच्या आधीचे दोन्ही दिवस ते तिच्या ट्रंकेची कडी ठोकत बसले, ती कडी मुळात चांगली होती.

जायच्या दिवशी आम्ही मोटारस्टँडवर गेलो. ट्रंक टपावर चढली, मार्था आत बसली, आणि मामा शांतपणे तिच्या शेजारी जाऊन बसले. मार्थानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. यजमान माझ्याकडे पाहू लागले, मी जमिनीकडे. मोटार सुटली. गेले, असं म्हणून आम्ही घरी आलो. मला त्या पोरीची फार कीव आली, आणि मामांचा रागही.

दिवस मावळता मावळता मामा दारात उभे राहिले, गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले. कुसुंब्याला उतरून ते चालत परत आले होते. मी पाणी दिलं आणि झालं काय ते विचारलं. कुसुंब्याला एक बाई तापानं फणफणलेलं मूल घेऊन गाडीत चढली होती. मार्थानं न विचारता ते मूल मांडीवर घेतलं, पदर ओला करून त्याच्या कपाळावर ठेवला, आणि शेजारी बाप बसला आहे हे ती विसरूनच गेली. मामांनी उठून आपली जागा त्या बाईला दिली. मग उभं राहायला कुठे जागा आहे का ते बघितलं. जागा होती, असं ते मला मुद्दाम म्हणाले. तरी ते उतरले.

"सूनबाई," ते म्हणाले, "आख्खी जिंदगी मी वस्तूसना मांगे फिरनू. माले वाटे, मी कारभारी शे. पन मालकवर मन्हा भरोसाच नव्हता. तो सांभाळी लेई, हाई मनले पटतच नव्हतं."

 आम्ही सगळे आयुष्यभर ज्या गोष्टीला हसत होतो ती भीती होती, हे मला तेव्हा कळलं. उद्याच्या मोटारीनं जा, असं ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं आणि भाकरी वाढली.

त्या भाद्रपदात नदीला पूर आला आणि साक्रीची मोटार बंद झाली. बंद व्हायच्या आधी ड्रायव्हरनं बातमी आणली की डोंगरातल्या दवाखान्यातली बाई तापानं पडली आहे. ती बाई मार्था नव्हे, तिच्या हाताखालची होती, हे आम्हांला पुढे कळलं. पण त्या संध्याकाळी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. मामा स्टँडपर्यंत जाऊन परत आले होते. घरातल्या उपासनेत प्रार्थना करायची पाळी त्यांचीच होती. एरवी ते आवारातल्या प्रत्येक घराचं नाव घेत आणि मुलं पेंगू लागत. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले, पण एकाही घराचं नाव घेतलं नाही. एखाद्या वडीलधाऱ्याशी अदबीनं बोलावं तसे म्हणाले, "देवा, पोर तुनी शे, माले मालूम शे. पन तठे ताप भलता शे. जरासं ध्यान ठेवजो."

पुढे त्यांच्या तोंडून आमेन आलंच नाही. ते मीच म्हटलं.