मनगटाची चिंधी

दवाखान्यात मलमाचा वास आला आणि डॉक्टरबाईंच्या बोलण्यावरनं माझं लक्ष उडालं. शेजारी मावशी बसली होती. तिची बधिर झालेली बोटं आता सुधारायची नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

हाच वास जळकोटच्या घरी होता, माझ्या लग्नाआधी. रुखवतात मांडायला मावशी क्रोशाचं तोरण विणत होती. वीण सैल दिसली तर सासरचे हसतील, म्हणून दोरा बोटाला करकचून गुंडाळायची. हाताला मुंग्या आल्या की मलम चोळायची आणि वर मनगटाला चिंधी बांधून घ्यायची.

"आवळ की अजून," ती म्हणाली.

"दुखंल, मावशी. जराशी थांब की."

"थांबून कसं व्हईल? अजून निम्मं राहिलंय."

मी दातात टोक धरून गाठ आवळली. आवळलं की दुखणं दबतं, असंच आम्हाला वाटायचं. तोरण वेळेत झालं. मला तेव्हा तेवढंच हवं होतं.

डॉक्टरबाई सांगत होत्या, विणताना दोरा सैल धरावा, मधेमधे हात मोकळा सोडावा, मनगट तर कधीच आवळू नये.

निघताना तिनं पाय पुढं केला. मी वाकून सँडलचा पट्टा लावायला घेतला.

"लई आवळू नको," ती म्हणाली.