साहेबांसाठी साफ केलेलं तळं

माझं माहेर मावळातलं. तिथं भातखाचरांच्या पाण्यावर बारीक पानांचा नेचा तरंगायचा. आई तो ओंजळीनं काढून म्हशीला घालायची आणि उरलेला चिखलात तुडवायची, भाताला खत म्हणून. लग्न होऊन थेरगावात आले तर गावच्या तळ्यावर तोच नेचा गोधडीसारखा पसरलेला, आणि गाव त्याला घाण म्हणून नाक मुरडत होतं.

त्या उन्हाळ्यात कडबा संपला. माहेरहून आलेली माझी म्हैस चाकणच्या बाजारात विकायचं सासऱ्यांनी ठरवलं. मी नेचा धुऊन, कोंड्यात कालवून तिच्यापुढं ठेवला. आधी तिनं फुरफुर करत तोंड फिरवलं, मग पाटी चाटूनपुसून रिकामी केली. आटत आलेलं दूध पुन्हा वाढलं. पण सुनेनं शोधलेला चारा! सासरे पंचायतीतले मोठे माणूस, त्यांना तो कसा रुचावा?

"शेवाळ खाऊन म्हस जगती व्हय? शेतीखात्याचं साहेब येनार हायेत. त्यांनी सांगितलं तर ठिवू, न्हाईतर चाकण."

साहेबांचा निरोप होता, तळ्यावरचा नेचा बघायचा आहे. सासऱ्यांनी त्यातलं तळं तेवढं ऐकलं. आणि साहेब येणार म्हटल्यावर गावात जे करतात तेच त्यांनी केलं, साफसफाई. सगळं गाव श्रमदानाला जुंपलं. पुरुष कमरेएवढ्या पाण्यात उतरले, गाड्या भरभरून नेचा पवनेत ढकलला, काठाला चुना मारला, वर आंब्याचं तोरण बांधलं. मी सासूबाईंकरवी सांगून पाहिलं. "साहेबाला घाण दावायची का?" एवढंच उत्तर आलं.

साहेब आले. हारतुरे झाले. "हा नेचा म्हणजे चारा आणि खत, दोन्ही," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "कुठं आहे तो?"

"पार नदीला लावला, साहेब," सासरे छाती फुगवून म्हणाले. "एक पान ठिवलं न्हाई."

साहेबांना काहीतरी वाखाणणं भाग होतं. त्यांनी चुना वाखाणला.

म्हशीपुढं टाकायला आता काडी उरली नव्हती. बाजारच्या दिवशी ती चाकणला गेली. मी रिकाम्या गोठ्यात बसून रडले. सासऱ्यांचा असा राग आला की ते गेले तरी तो गेलेला नाही.

त्याच संध्याकाळी तळ्याचं कौतुक करायला पाहुणे जमले. सासऱ्यांनी ओसरीवरून हाक दिली, "सूनबाय, च्या टाका. दूध जरा जास्त घाला."

"दूध चाकणला गेलं, मामंजी," मी म्हणाले.